एकदा ‘जाते’ म्हणा

“म्हणा, अक्का. ‘मी जाते.’ दोनच शब्द.”

नित्या नर्सने तिसऱ्यांदा विनवलं. वेंकूबाई खाटेच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. सकाळी आठला बेंबीचा हर्निया शिवून झाला होता, दुपारी दोन इडल्या पोटात गेल्या होत्या, तीन वेळा खोलीभर चालून दाखवलं होतं. लुगडं नीट, केसांत मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा. तोंड मात्र मिटलेलं.

समोर दिल्लीहून आलेले तपासनीस बसले होते, मांडीवर फॉर्म. भिंतीवरच्या घड्याळात सहाला वीस मिनिटं कमी.

डॉक्टर भुवनेश्वरी दाराशी उभी होती. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घर, असं तिचं तंजावुरातलं हे एवढंसं केंद्र. ते सरकारी योजनेच्या यादीत यावं म्हणून ती दोन वर्षं झगडत होती. रात्रभर घर सोडता येत नाही म्हणून ओरत्तनाडूकडच्या बायका दुखणं पदराखाली झाकून वर्षं काढतात, हे तिने चेन्नईपासून दिल्लीपर्यंत प्रत्येक टेबलाला सांगून पाहिलं होतं. टेबलांना पाठ झालं होतं, माणसांना नाही. आजची तपासणी शेवटची. एका पेशंटने सहाच्या आत स्वतःच्या तोंडाने ‘जाते’ म्हणायचं आणि स्वतःच्या पायांनी घरी जायचं. नाहीतर अर्ज बाद, आणि केंद्राला कुलूप.

तसं वेंकूबाईंनी पहिल्या फटक्यात आपल्या तंजावुरी मराठीत सांगितलं होतं, “येते.” नित्याने हिंदीच्या चार परीक्षा दिलेल्या. तिने इमानाने भाषांतर केलं, “कहती हैं, आएँगी.”

“वापस आएँगी?” साहेबांच्या भुवया वर गेल्या. “मतलब तकलीफ है.” आणि त्यांनी तसं लिहून टाकलं. परत येणार म्हणणाऱ्या पेशंटला रात्रभर ठेवून घ्यायचं, असा नियम. रात्रभर ठेवलं की केंद्र नापास.

नित्याने खुलासा करून पाहिला. साहेबांनी फॉर्मवर बोट ठेवलं. तिथे खुलाशाला जागा नव्हती.

“अक्का, माझ्यासाठी म्हणा,” भुवनेश्वरी म्हणाली.

“तुझ्यासाठीच म्हणत नाही, भुवना. तुझ्या दारातून ‘जाते’ म्हणून निघाले, आणि वाटेत माझं काही झालं, तर नाव कुणाचं जाईल? माझा दीर एकदा ‘जातो’ म्हणून ओरत्तनाडूच्या बसमध्ये बसला. बस परत आली. कंडक्टर परत आला. बसमध्ये विसरलेली छत्रीसुद्धा परत आली. दीर नाही आला.”

“अक्का,” फरशी पुसणारा नटराज हळूच म्हणाला, “तुमचे दीर कोइमतूरला आहेत. दुसरं बिऱ्हाड केलंय.”

“मग? आले का परत?”

‘मी जाते’ म्हणून धडपणे घरी पोचलेलं माणूस तंजावुरात शेवटचं कधी दिसलं, हे सरस्वती महाल ग्रंथालयातल्या साऱ्या पोथ्या चाळल्या तरी सापडायचं नाही.

सहाला दहा कमी. साहेबांना गाडी गाठायची होती. त्यांनी पेनला टोपण लावलं, फाईल बॅगेत सरकवली.

साहेब उठले, हात जोडले. “अच्छा, तो मैं जाता हूँ.”

नटराजच्या हातून फडकं बादलीत पडलं. नित्याने जीभ चावली. आणि वेंकूबाई उठल्या. पोटाला टाके पडून दहा तास झालेली बाई अशी उठलेली ना कुणी पाहिली, ना पाहील. त्या चार पावलांत दारात जाऊन आडव्या उभ्या राहिल्या.

“ह्यांना सांग, असलं बोलून माझ्यादेखत कुणी उंबरा ओलांडलेला नाही. ‘येतो’ म्हणा म्हणावं. त्याशिवाय सोडत नाही.”

नित्याने सांगितलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, दार पाहिलं, दारातली म्हातारी पाहिली.

“ये... तो,” ते म्हणाले.

“या!” सगळी खोली एका सुरात म्हणाली.

वेंकूबाई हलल्या नाहीत. “आता विचार त्यांना, कुठं दुखतंय? परत येतो म्हणतात. ठेवून घ्या रात्रभर.”

नित्याने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरने फरशीकडे. मग नित्याने शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं.

घड्याळात सहाला पाच कमी.

साहेब पुन्हा खुर्चीत बसले. फाईल काढली, चष्मा कपाळावर ढकलला आणि रकान्याच्या डोक्यावरची बारीक अक्षरं नाकाशी धरून वाचली. पेशंटच्या स्वतःच्या शब्दांत, असं तिथे छापलेलं होतं. त्यांनी मघाची ओळ खोडली. पेन नित्यापुढे धरलं.

नित्या घरात मराठी बोलायची, पण मराठी अक्षरं तिला कुठली यायला? तिने तमिळ अक्षरांत लिहिलं. साहेबांनी कागद सरळ धरून पाहिला, तिरका धरून पाहिला.

“क्या लिखा है?”

नित्याने तोंड उघडलं, पण त्याआधीच उंबऱ्यावरून खणखणीत आवाज आला. एक पाय आत, एक पाय बाहेर, गजरा सावरत वेंकूबाई म्हणाल्या, “येते!”

सहीसाठी खाली घातलेली मान वर न करताच, सगळ्यांच्या आधी साहेब म्हणाले, “या.”