तीन जुळारी पाहिजेत

“वाच,” मालक म्हणाले आणि हातात होता तोच कागद त्यांनी मावशीपुढे धरला.

मावशी म्हणजे छापखान्यात खिळे धुणारी बाई. छपाई झाली की शाईने बरबटलेली शिशाची अक्षरं घासायची आणि ज्याच्या त्याच्या खान्यात परत टाकायची, हे तिचं अकरा वर्षांचं काम. साथ ओसरली तेव्हा चार जुळाऱ्यांपैकी एकटे काका उरले होते. आता दुकानं उघडली, शाळा उघडल्या, आणि ज्याला त्याला सगळं कालच छापून हवं होतं. खिळे जुळवून मजकूर उभा करणारा माणूस मात्र औषधालाही मिळत नव्हता. म्हणून आज मावशीने तोंड उघडलं होतं, “मी जुळवते.”

तिने कागद पाहिला. एक अक्षर लागेना.

“झालं?” मालक हसले. “अगं, वाचता येत नाही आणि जुळवणार काय, कपाळ?”

मावशीला रडूच यायचं बाकी होतं. अकरा वर्षं हाताळलेली, जुळाऱ्यांच्या तोंडून ऐकून ऐकून ओळखीची झालेली अक्षरं, आणि आज एकही ओळख दाखवत नव्हतं. मग एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती तडक खिडकीशी गेली, कागद पालथा करून काचेला चिकटवला आणि मागच्या बाजूने घडाघडा वाचू लागली, “तीन जुळारी पाहिजेत. पगार पूर्वीच्या दुप्पट. ताबडतोब भेटा.”

काकांनी कपाळावर हात मारला. “अहो, बरोबरच आहे! हिने जन्मात अक्षर पाहिलंय ते खिळ्यावरचं. खिळ्यावर सगळं उलटंच असतं, मालक!”

आपण कुठला कागद वाचायला दिला, हे मालकांच्या आत्ता लक्षात आलं. “बरं, बरं. ठेवतो तुला. पण दुप्पट-बिप्पट नाही हं. बाईमाणसाला पूर्वीच्या निम्मा.”

“आधी जुळवून तर बघते,” मावशी म्हणाली.

काका मदतीला पुढे झाले आणि तिथेच थांबले. कुठलं अक्षर कुठे राहतं हे तिला बघावंही लागत नव्हतं. बघता बघता तीन ओळी उभ्या राहिल्या. काकांनी शाई फिरवली, कागद दाबला आणि ओला नमुना मालकांच्या हातात दिला.

मालकांनी तो डोळ्यांत तेल घालून वाचला. “हे बघ, पहिल्याच शब्दाला चुकलीस. दोन कुठले? तीन जुळारी पाहिजेत.”

“दोनच. तिसरी आलीये,” मावशी म्हणाली. “माझाही पगार खालच्या ओळीत जुळवलाय, तुम्हीच लिहिलेला दुप्पट. तो पटत नसेल तर समोरच्या छापखान्यालाही खिडकी आहे.”

काकांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. दारात दोन गिऱ्हाइकं केव्हाची ताटकळत होती. मालकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा नमुन्याकडे.

“छापा,” ते काकांना म्हणाले. मग तिच्याकडे वळले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून निघालं, “बसा, मावशी.”

“बसून जुळणी होत नाही, मालक,” असं म्हणत तिने पहिल्या गिऱ्हाइकापुढे हात केला. “आणा, काय छापायचंय?”