गिरणीवाल्याची बायको

तिन्ही प्रतींची पानं कापलेली होती. कपाटातून त्या टेबलावर आल्या तेव्हा एव्हारिस्तो मास्तरांनी आधी कडाच पाहिल्या आणि त्यांच्या जिवात जीव आला.

ब्रागाच्या छापखान्यातून पुस्तक येतं ते घड्या बंद असलेलं. वाचणारा सुरीने एकेक घडी कापत पुढे जातो. न कापलेलं पुस्तक म्हणजे न वाचलेलं पुस्तक, तिथे सबबीला जागा नाही. मागच्या गुरुवारी मास्तरांनी याच कपाटात हळूच डोकावलं होतं. महिना उलटला तरी त्यांच्या कादंबरीच्या एकाही प्रतीला सुरी लागली नव्हती.

त्या दिवशी घरी जाऊन ते जेवले नाहीत. "कुत्र्यानेही हुंगलं नाही," ते बायकोला म्हणाले. "एकाने जरी वाचलं असतं ना, देओलिंदा, तर दुसरं लिहायला घेतलं असतं. आता संपलं."

देओलिंदा भांडी घासत होती. तिला दिलेली प्रतही फडताळावर तशीच बंद पडली होती, आणि ही म्हणे तीस वर्षांच्या संसारातली बायको. दुसऱ्या दिवसापासून तर तिने गुडघेदुखीचं नवंच टुमणं लावलं. रोज पावाची पिशवी घेऊन औषधाच्या दुकानात मलमाला जायची, ती परतायची दुपार कलल्यावर. तिथल्या मोलकरणीशी गप्पा छाटत बसत असणार, म्हणून मास्तर दोनदा करवादलेही.

त्याच दुकानामागच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी मंडळी जमायची. दुकानाचे मालक ताव्हारेस, पोस्टमास्तरांच्या विधवा पत्नी ओतिलियाबाई, नगरपालिकेतला कारकून बाल्तझार आणि मास्तर. कोणी काय वाचलं, कसं वाटलं, यावर वाईनचे घोट घेत वाद चालायचा. पुस्तकं तिथल्याच कपाटात राहायची, हवं त्याने न्यावं, आणून ठेवावं. आज पाळी मास्तरांच्या 'नदीकाठची गिरणी'ची होती.

ताव्हारेसांनी आपली प्रत उचलली. कडेवरून अंगठा फिरवताना ते जरा थबकले, प्रत उलटीसुलटी करून पाहिली, मग चष्मा पुसत म्हणाले, "मास्तर, गिरणी डोळ्यांसमोर उभी राहते हो. ते पाण्याचं चाक."

"पहिलंच वाक्य घ्या ना," बाल्तझार म्हणाला. त्याने ते मोठ्याने वाचलं, आणि परत एकदा वाचलं. "इथेच माणूस गार होतो. पुढे काही लिहिलं नसतंत तरी चाललं असतं."

मास्तरांनी सहज त्याची प्रत चाळली. कडा ओबडधोबड फाटल्या होत्या आणि दर चार बोटांवर एक खाच पडली होती. कागद नीट कापायची रीतच लोकांत उरली नाही, असं त्यांच्या मनात आलं. घडीत मात्र मक्याच्या पावाचा पिवळा चुरा अडकला होता. म्हणजे जेवतानाही पुस्तक हातातून सुटलं नव्हतं. ओतिलियाबाईंच्या प्रतीतही तसाच चुरा दिसला, तेव्हा मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आणि गिरणीवाल्याची बायको?" त्यांनी विचारलं.

कादंबरीचा जीव तिथे होता. गिरणी पुरात वाहून जाते त्या संध्याकाळी नवरा भिजून घरी येतो, आणि बायको त्याच्यापुढे मुद्दाम कोबीचं थंडगार सूप ठेवते. चार पानं नुसतं ते सूप. मास्तरांनी आपल्या घरातला सगळा गारठा त्या चार पानांत ओतला होता. यातलं काही ते कोणाजवळ बोलले नव्हते. कोणीतरी आपणहून त्या सुपाचं नाव काढावं, एवढीच त्यांना आस होती.

"बिचारी," ओतिलियाबाई म्हणाल्या.

"बिचारी?"

"म्हणजे, आम्हा बायकांना सोसावंच लागतं ना, मास्तर."

कजाग म्हणून रंगवलेल्या बाईची कीव यावी? मास्तर चकित झाले. मग वाचक लेखकाच्याही पुढे जातो तो असा, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"आणि त्या संध्याकाळचं जेवण?" त्यांना राहवेना.

"वा," ताव्हारेस म्हणाले. "वाचताना तोंडाला पाणी सुटलं."

हे मास्तरांना खटकलं. पण कापलेल्या कडा समोर होत्या आणि त्या काही खोटं बोलणार नव्हत्या. सुपाचं नाव कोणी काढलं नाही तर नाही, वाचलं तर खरं. चढणीच्या रस्त्याने घरी जाताना त्यांनी नव्या कादंबरीचं पहिलं वाक्यही जुळवलं.

देओलिंदा चुलीपाशी होती.

"वाचलं सगळ्यांनी," ते टोपी काढत म्हणाले. "परक्यांनी वाचलं. राहिलीस ती एक तूच."

"मला मेलीला तुमचं लिहिलेलं काय कळणार?"

"घड्या कापायचेही कष्ट नकोत तुला. थांब, मीच देतो कापून."

त्यांनी फडताळावरून तिची प्रत ओढली. टेबलावर पावाशेजारी दातेरी सुरी पडली होती, ती उचलली.

"ती नका घेऊ," देओलिंदा घाईने म्हणाली. "तिचा एक दात मोडलाय."

मास्तरांनी ऐकलं नाही. पहिली घडी फरफर फाटत गेली. कड ओबडधोबड निघाली, चार बोटांवर एक खाच, पुढच्या चार बोटांवर आणखी एक. सुरीला चिकटलेला पिवळा चुरा पानांत सांडला.

त्यांचा हात थांबला. मान वर करून तिच्याकडे पाहायचा त्यांना धीर होईना.

देओलिंदाने त्यांच्यापुढे कोबीच्या सुपाचा वाफाळता वाडगा ठेवला.

"गरम आहे तोवर घ्या," ती म्हणाली. "नाहीतर पुढच्या पुस्तकातही मी थंडच वाढलं म्हणून लिहाल."