खंडेनवमीचा हार

"मशीनचा तेलाचा पंप गेला, मामा!" वैजयंता रडकुंडीला आली होती. दुपार झाली की तिच्या छोट्या खोदाई मशीनचा हात माती उचलतानाच ढिला पडायचा. गावच्या पाइपलाइनचा चर निम्माच झाला होता. ठेकेदारानं फोनवर बजावलं होतं, "पंप गेला असेल तर मशीन परत पाठव. उद्या दुसरी येईल, ड्रायव्हरसकट." म्हणजे तिचं पहिलंच काम हातचं जाणार.

दौलतमामा मिस्त्रींनी पान्याला हातही लावला नाही. "सकाळी कशी चालते गं?"

"झकास."

"आणि तापल्यावर?"

"मान टाकते."

"मग हाताला जोर देणारं तेल तापतंय. आता सांग, तेलाला गार कोण करतं?"

वैजयंतानं मशीनचं मागचं झाकण उघडलं. तेल गार करणारा पंखा जिथून वारा ओढतो, ती जाळी झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्यांनी गच्च भरली होती. खंडेनवमीला तिनंच मोठ्या हौसेनं मशीनची पूजा करून, नेमका तिथंच हार लटकावला होता.

"अगं, पूजा केलीस की नाक दाबलंस तिचं?" मामा खो खो हसले.

लाजत लाजत तिनं जाळी साफ केली, तेल निवू दिलं आणि मशीन सुरू केली. दिवस कलला, चर थेट टाकीला भिडला, तरी हात ढिला पडला नाही.

संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला. "काय झालं पंपाचं?"

"पंप ठणठणीत आहे, साहेब. नुसता श्वास कोंडला होता."

"कशामुळे?"

वैजयंता बोलायच्या आत शेजारून मामाच ओरडले, "अतिभक्तीमुळे!"