हलका हात

डॉक्टरांच्या कापऱ्या हातातला छोटा आरसा सगुणाबाईंच्या दाढेला लागून बारीक टिकटिकत होता. हा आवाज दिवाळीपासूनचा, पण साधनाने त्याबद्दल अजून शब्द काढला नव्हता. १९७९ साली सातपूरला हा दवाखाना उघडला तेव्हापासून बावीस वर्षं ती याच खुर्चीशेजारी उभी राहून डॉक्टरांच्या हातात हत्यारं देत, पेशंटच्या तोंडात कापसाचे बोळे ठेवत आली होती.

डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला आणि भरलेली सिरिंज तिच्यापुढे धरली. "आज तू दे. बघून बघून तुला माझ्याइतकंच येतं."

"द्या की बाई," सगुणाबाई म्हणाल्या. "तुमचा हात लय हलका. घोटीवरनं येते ती तुमच्यासाठीच."

साधनाला जमलं असतं. सुई कुठे, किती खोल, कोणत्या कोनात, सगळं पाठ होतं. तिने सिरिंज घेतली, टोपण लावून ट्रेमध्ये ठेवली.

"मावशी, दाढ दुसऱ्या डॉक्टरांकडे काढू. मी येते सोबत."

मग ती डॉक्टरांकडे वळली.

"मी इंजेक्शन द्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत. आता तुम्हीही द्यायचं नाही, सर."