मण्यांचा आवाज

कैरोत बेली डान्सचे पोशाख शिवणारी इन्शिराह स्वतः कधी नाचली नव्हती. वडिलांनी नाचू दिलं नाही आणि लग्नानंतर नवऱ्याला विचारायचा तिला धीरच झाला नाही. पोशाख पुरा झाला, की मात्र ती दार लावून घ्यायची, मण्यांचा पट्टा कमरेला बांधायची आणि मणी गळत नाहीत ना, हे हलून बघायची.

आज निळ्या पट्ट्याचे मणी बराच वेळ खळखळत राहिले. दारावर टकटक झाली, तशी ती दचकून थांबली.

"झालंच! घट्ट बसलेत मणी," ती आतून म्हणाली.

"मण्यांचं राहू दे गं," बाहेरून तिचा नवरा रिफअत म्हणाला. "इतकी वर्षं इथे बसून नुसता आवाज ऐकतोय. एकदा बघू तरी दे."