आधी उठायचं कोणी?

चौथा चहा आला तेव्हा निताने घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सव्वातीनची एस.टी. चुकली तर ठरावाचा कागद पाचच्या आत हिंगोलीच्या ऑफिसात पोचणार नव्हता, आणि आज शेवटची तारीख होती. कागद पोचला नाही तर दूध थंड ठेवायचं यंत्र शेजारच्या गावाला जाणार, इथलं दूध पुन्हा उन्हाळाभर कॅनमध्येच नासणार, आणि ठपका बसणार सचिवावर. सचिव म्हणजे निता राठोड. तांड्यावरची पोरगी, कळमनुरीच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली, दूध संस्थेत सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. सहावा महिना चालू होता.

तयारीत तिने काही कसूर ठेवली नव्हती. सभा आटोपशीर कशी चालवावी, याचं परभणीला दोन दिवसांचं शिक्षण घेऊन आली होती. तिथं सांगितल्याप्रमाणे तिने सकाळी फळ्यावर विषय लिहिले, प्रत्येक विषयापुढे मिनिटं लिहिली आणि सगळ्यांच्या नजरेसमोर येईल असं घड्याळ टांगलं. घड्याळ पाहून सगळे संचालक खूश झाले. ते कुठल्या दुकानातलं, त्याला सेल किती दिवस पुरतो, यावर पंधरा मिनिटं छान चर्चा झाली.

यंत्राचा विषय मात्र दहा मिनिटांत मिटला. यंत्र पाहिजे, यावर नऊच्या नऊ जणांचं एकमत. निताने ठराव वहीत लिहिला, वर पाठवायची प्रत तयार केली, दोन्ही सतरंजीच्या मधोमध ठेवल्या आणि त्यावर पेन ठेवला. तेव्हा अकरा वाजले होते. त्यानंतर त्या पेनाला कोणी हात लावला नव्हता. सह्या करायच्या त्या उठताना, अशी संस्थेची पहिल्यापासूनची रीत. सही झाली की सभा संपली. त्यामुळे पहिली सही चेअरमनची, आणि चेअरमन व्यंकटराव भिंतीला टेकून निवांत बसलेले.

अकरा ते बारा संचालक नेमसिंगच्या म्हशीचं पोट बिघडल्याची हकिकत झाली. बारा ते दीड जळबाच्या साडूच्या मुलीला आलेलं स्थळ. निताने दोनदा सह्यांचं काढलं. सगळे म्हणाले, व्हय व्हय, करू की. आणि सगळ्यांनी व्यंकटरावांकडे पाहिलं. व्यंकटरावही म्हणाले, करू की, चहा येऊन राहिला.

चहा तर येणारच. संस्थेची खोली व्यंकटरावांच्याच जागेत, त्यांच्या घराला लागून. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई मधल्या दारातून ट्रे पुढे करत. माणसं बसलीत म्हणून त्या चहा पाठवायच्या, आणि चहा आला म्हणून माणसं बसायची. या भानगडीवरचा इलाज परभणीच्या शिक्षणात नव्हता.

निताने शेजारी बसलेल्या जळबाकडे पाहिलं. तो मघापासून सतरंजीचा दोरा उसवत होता. तिने हळूच विचारलं, काका, तुमची धारेची वेळ झाली की, तुम्ही तरी सही करून निघा.

जळबाने मान खाली घातली आणि ओठातल्या ओठात बोलला, "व्यंकटराव बसलेत तवर आमी कसं उठावं? म्हाताऱ्याला बैठकीचा लई नाद हाय. संस्था निघून अकरा वर्सं झाली, एक दिवस अंधार पडायच्या आत सोडलं न्हाई."

निताने बाकीच्या आठ जणांवरून नजर फिरवली. नेमसिंगच्या शेताला तीन वाजता वीज यायची होती. तो बसल्या जागी पाय हलवत होता. एकाला बाजार गाठायचा होता, एकाला दवाखाना. सगळे घाईत, आणि सगळे मांडी घालून. तिला हसू आलं आणि रडूही आलं. पाच वर्षं कॉलेजला सायकल मारली ती काय एका म्हाताऱ्याच्या गप्पांपायी नोकरी घालवायला?

तीनला पाच कमी असताना ती उठून उभी राहिली. खोलीतली सगळ्यात लहान, एकटी बाई, आणि चेअरमन अजून बसलेले.

"मी निघून राहिले," ती म्हणाली. "सव्वातीनची एस.टी. हाय. सह्या करा."

कोणाचा तरी कप बशीवर वाजला. निताने वही आणि कागद उचलून थेट व्यंकटरावांच्या पुढ्यात धरले. व्यंकटरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग पेनाकडे पाहिलं आणि सही केली.

त्यानंतर जे झालं ते अर्ध्या मिनिटात झालं. आठही जण वहीवर तुटून पडले. एकाने दुसऱ्याच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. नेमसिंग जळबाच्या चपला घालून पळाला आणि जळबा अनवाणीच त्याच्या मागे. पाचवा चहा घेऊन पार्वतीबाई दारात आल्या तर खोलीत निता आणि व्यंकटराव दोघंच.

निताने कागद पिशवीत घातला. फाटा पाच मिनिटांवर होता, एस.टी. मिळणार होती. पण पाय निघेना. व्यंकटराव तसेच बसले होते, रिकाम्या सतरंजीकडे बघत. यंत्र आलं आणि नोकरी गेली, असं तिला वाटून गेलं.

"काका, तुमच्या आधी उठले," ती म्हणाली. "चुकलं असंल तर माफ करा."

व्यंकटराव गुडघ्यावर हात रोवून सावकाश उभे राहिले. त्यांनी कंबर मागे ताणली आणि डोळे मिटून एक लांब श्वास सोडला.

"दारात आलेल्या मानसाला निघा कसं म्हनावं, पोरी? कोनीतरी उठंल म्हनून अकरा वर्सं मी बसून राहिलो."