लहान डोंगा, मोठी नाव

“घरदार मोठ्या नावेत, जोडी डोंग्यात. या घाटावर असंच चालते,” नावाडी नानाजीनं सांगून टाकलं आणि काठावरचा वाद मिटला.

वाद तरी कसला! चौऱ्याऐंशी सालचा माघ. वैनगंगेच्या पल्याड, आरमोरीच्या बाजूला, अंजनाबाईंच्या धाकट्या सुनेचं माहेर. लग्नानंतर नव्या नवरीला घेऊन सगळं घर मांडवपरतणीला निघालेलं. थोरला वामन म्हणे, मोठी नाव बरी, पोरं नजरेखाली राहतात. धाकटा हरिदास म्हणे, डोंगाच बरा, पाणी हाताला लागतं आणि गलका नाही. नव्या नवऱ्याला डोंगा कशाला हवा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

अंजनाबाई शिदोरीचं गाठोडं सांभाळत झाडाखाली बसल्या होत्या. थोरली सून कमला जाता जाता म्हणाली, “माय, तुमी डोंग्यात बसा. नावेत पोरं लई तरास देतात.”

मागून हरिदास म्हणाला, “माय, तू नावेतच बस. डोंगा हालते.”

दोघंही भल्याचंच बोलले आणि आपापल्या वाटेनं गेले. गुडघे धरून अंजनाबाई उठेपर्यंत डोंगा निघाला होता. नावही निघाली होती. नवरीच्या आंदणातला ट्रान्झिस्टर पाण्यावरून ऐकू येत होता.

हाक मारली असती तर नाव फिरली असती. पण आपली आठवण आपणच करून द्यायची, याची त्यांना लाज वाटली. नवरा होता तेव्हा कुठूनही निघताना तो आधी यांना शोधायचा, मग स्वतःच्या चपला. बघू, आता कोणाला आठवतं, म्हणून त्या पुन्हा खाली बसल्या. फार एकटं वाटलं.

जोडीला पल्याड सोडून नानाजी रिकामा डोंगा घेऊन परतला.

“बाई? तुमी नावेत नव्हत्या?”

“नाई.”

तेवढ्यात पल्याडच्या दरडीवरून वामनचा आवाज आला. तिथून माणूस ठिपक्याएवढं दिसतं, हाक मात्र स्पष्ट येते. “नानाजी, तिकडंच राह्यलं!”

अंजनाबाई झटकन उठल्या. डोळे पुसले, पदर सारखा केला.

“शिदोरीचं गाठोडं राह्यलं! आणून दे!”

त्या पुढच्या वाक्यासाठी थांबल्या. पुढचं वाक्य नव्हतंच.

नानाजीनं उत्तर द्यायला तोंडाशी हात नेला.

“नको सांगू,” त्या म्हणाल्या.

त्यानं त्यांना डोंग्याच्या एका टोकाला बसवलं. दुसऱ्या टोकाला एक धोंडा ठेवला. उतारू एकटाच असला की डोंगा कलंडू नये म्हणून ठेवतात तसा. नदी संपेपर्यंत अंजनाबाई त्या धोंड्याकडे बघत होत्या.

दरडीवर सगळे नदीकडे पाठ करून सावलीला बसले होते. हरिदास नवरीला घेऊन पुढं गेला होता. नानाजीच्या हातातलं गाठोडं कमलानं लगबगीनं घेतलं आणि सोडून पाहिलं. भाकरी, झुणका, सगळं जागच्या जागी होतं.

मागून अंजनाबाई हळूहळू दरड चढून आल्या. वामननं हात दिला.

“त्या दोघांच्या डोंग्यात तुले लई दाटी झाली असन, नाई माय?”

“नाई रे,” त्या म्हणाल्या. “लई मोकळं होतं.”